पक्कड, झारा आणि खिडकीतला दिवा

‘घर छान. हवा उत्तम. सवची गरम पाण्याची कुंडं जवळ. पण तीन दिवस शाळेत राहिल्यासारखं वाटलं.’

आमच्याकडे उतरलेल्या पहिल्या पाहुण्यांनी फोनवर लिहिलेला हा अभिप्राय. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण आठवडाभर मी तो दिवसातून चारदा उघडून वाचत होते आणि दर वेळी नव्याने चिडत होते. माझी एकतीस वर्षं पोलादपूर तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत गेली. शाळेसारखं वाटलं, यात वाईट काय, हेच मला कळेना. आमचे हे ओटीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, “सुट्टी घालवायला शाळेत कोण जातं का गो?” मी तो अभिप्राय पुन्हा उघडला.

ते घर माझं नाही, हे आधीच सांगून टाकते. महाडपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, सवच्या बाजूला आमची वाडी आहे. आमच्या अंगणासमोरची पायवाट ओलांडली की माझ्या थोरल्या दिरांचं स्लॅबचं घर. भाऊजी मुंबईला गोदीत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर हौसेने घर बांधलं, जेमतेम सव्वा वर्ष त्यात राहिले आणि गेले. माझी मोठी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, ती मुलाकडे बदलापूरला गेली आणि घराला कुलूप लागलं. दोन पावसाळ्यांत भिंतींना ओल आली, दारं फुगली, न्हाणीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं. महाडच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी ती जागा हवी होती. मुलगा म्हणत होता, देऊन टाकू. अक्का म्हणत होती, बघू.

तेव्हा मी मध्ये पडले. नुकती निवृत्त झालेली, हात स्वस्थ बसेनात. अक्काला फोन करून म्हटलं, “लोकं रायगड बघायला येतात, कुंडांवर येतात. चार दिवस राहतील, आपलं आपण रांधून खातील नि जातील. मी बघते सगळं. विकू नका.”

अक्का म्हणाली, “माझी एकच अट हाय सुमन. दिवेलागणीला खिडकीतला दिवा लागला पायजे. तुझे भाऊजी काय म्हणायचे? दिवा दिसला का वाटेवरच्या माणसाला कळतं, घरात माणसं हायत. एक दिस जरी चुकला, तरी मी घर विकीन.”

भाऊजींनी देवघर मुद्दाम पुढच्या खोलीत, वाटेवरच्या खिडकीला लागून केलं होतं. समई लावली की पार वडापर्यंत दिसायची. मी लगेच हो म्हटलं. समोरच तर राहते, दिवा लावायला असा काय वेळ लागतो!

आता हा धंदा कसा असतो ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की हे हॉटेलच. हॉटेलात पाहुणा मागतो आणि आपण आणून देतो. इथे आपण किल्ली द्यायची आणि निघून यायचं. गॅस, भांडी, पाणी, अंथरूण आपलं. बाजार, रांधणं, उष्टी-खरकटी त्यांची. सांगायला दोन वाक्यं लागतात, पण शिकायला मला दोन वर्षं लागली. आमच्या वाडीत पाहुण्याला स्वतःचा चहा स्वतः करायला लावला तर गावभर नाचक्की होते. पाहुणा आला की आधी पाणी नि गुळाचा खडा, मग चहा, मग कुठून आलात, कुणाचे कोण, आणि मग जेवल्याशिवाय सुटका नाही. हे सगळं अंगात मुरलेलं. त्यात मी बाई. म्हणजे शाळेतली बाई.

ते पहिले पाहुणे पुण्याचे. नवरा, बायको आणि दोन मुली. त्यांच्यासाठी मी घर लख्ख करून ठेवलं होतं आणि भिंतीवर सूचना लावल्या होत्या. चौदा. सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित. ‘नळ नीट बंद करावा.’ ‘ओल्या पायांनी घरात फिरू नये.’ ‘मोठ्याने बोलू नये.’ आरशावर तर ‘टिकली चिकटवू नये’ असं होतं. आरशात बघितलं की चेहऱ्याआधी सूचना दिसायची.

भांड्यांचा तर इतिहासच लिहायला हवा. अक्काची चांगली भांडी, जाड बुडाची पातेली, बिडाचा तवा, हे सगळं मी कपाटात कुलूपबंद केलं. परक्यांच्या हाती कसं द्यायचं! बाहेर ठेवलं ते दोन्ही घरांतलं टाकाऊ. पातेली चार, झाकणं दोन, तीही दुसऱ्याच पातेल्यांची. कान गेलेले कप. सुरी अशी की तिने टोमॅटो कापला जात नव्हता, नुसता दबत होता. आणि पक्कड नव्हती. उतू चाललेलं दुधाचं पातेलं त्या बाईंनी ओढणीने उतरवलं आणि बोटं भाजून घेतली. तूप घेऊन मीच धावले, पण पक्कड आणून दिली नाही. उद्या बघू म्हटलं.

त्यात रोज संध्याकाळी दिवा. सहा-साडेसहा वाजले की मी माझ्या किल्लीने दार उघडून सरळ आत जायची. पहिल्या दिवशी ते गृहस्थ पंचा नेसून जमिनीवर पत्ते मांडत बसले होते, ते तसेच उठून आतल्या खोलीत पळाले. दुसऱ्या दिवशी मुली नाचत होत्या, मला बघून थांबल्या. दिवा लावून झाल्यावर मी पाच मिनिटं टेकायची, दुपारी काय जेवलात विचारायची, तांदूळ फुकट घालवू नका म्हणायची. माझ्या मते तो पाहुणचार होता.

अभिप्राय वाचून मी महिनाभर धुसफुसले. शेवटी वनिताच बोलली. वनिता आमच्या वाडीतली, ते घर झाडायला-पुसायला येते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण तोंडाने फटकळ. ती म्हणाली, “बाई, तुमी एकदा सोता रावून बगा की तिथं. दोन दिस. आपल्या घरातलं कायपण न्यायचं नाय.”

मी गेले. पिशवीत कपडे आणि बाजार घेऊन पायवाट ओलांडली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुणी झाले. पहिल्या तासातच रडकुंडीला आले. लायटर पेटेना, काडेपेटी नाही. मीठ नाही, म्हणून डाळ अळणी. न्हाणीत कपडे टांगायला एक खुंटी नाही. दिव्याचं बटण दाराच्या मागे, ते दार लावल्याशिवाय सापडत नाही आणि दार लावलं की अंधार. ओला टॉवेल वाळत घालायला दोरी नाही. चहाचं पातेलं उतरवायला पदर घेतला आणि त्या पुण्याच्या बाईंची आठवण झाली. आणि जिकडे बघावं तिकडे माझंच अक्षर मला दटावत होतं. रात्री जेवताना मी उठले आणि एक एक करून तेरा सूचना फाडल्या. चौदावी, पंपाचं बटण कसं दाबायचं ती, तेवढी ठेवली.

तेव्हापासून ज्यांना असं घर चालवायचंय त्यांना मी एकच सल्ला देते. दोन दिवस स्वतः तिथे रांधून खा. मग कुणी सांगायला नको की प्रत्येक पातेल्याला त्याचं झाकण हवं, धारेची सुरी हवी, आणि मीठ, हळद, तिखट, तेल, चहा-साखर पहिल्या वेळेपुरती भरून ठेवायला हवी. वीर स्टेशनावर रेल्वेतून उतरून रिक्षाने धूळ खात आलेला माणूस, किंवा वरंधच्या घाटात पोराला दोनदा ओकारी झालेलं कुटुंब, दारात पोचतं तेव्हा त्याला निसर्ग नको असतो. त्याला कढत पाणी आणि कपभर चहा हवा असतो, आणि तो कुणाला न विचारता करता यावा असं वाटतं. मासेवाला किती वाजता हॉर्न वाजवत येतो, भाकऱ्या कोण करून देतं, एवढं एका कागदावर लिहिलं की झालं. मी कपाटाचं कुलूप काढलं. अक्काची भांडी बाहेर आली. महाडच्या बाजारातून दोन पकडी आणल्या, एक हरवली तर दुसरी.

इतकं केलं तरी तोंड मात्र आवरलं नव्हतं. एक जोडपं आलं होतं, शांत, पस्तिशीचं. दिवा लावायला गेले आणि सवयीने विचारलं, “लग्नाला किती वर्षं झाली? आणि मुलं कुठं ठेवून आलात?” ती मुलगी कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक दिवस आधीच निघाले. किल्ली देताना नवरा माझ्याशी नीटच बोलला, तेच मला जास्त लागलं. ती मुलगी गाडीतून खाली उतरली नाही. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. तिचा नंबर माझ्याकडे आहे, पण फोन करून काय बोलायचं ते सुचत नाही.

त्यानंतर मी गप्प राहायला शिकले, पण संध्याकाळचं जाणं काही टळेना. अक्काची अट होती. ही अडचण सुटली ती साताऱ्याच्या काकांमुळे.

हे काका बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे एकटेच गाडी चालवत आले, आठ दिवसांसाठी. एकटा म्हातारा माणूस बघून मला राहवेना. पहिल्या दिवशी घावणे नेले, दुसऱ्या दिवशी कुळथाची पिठी. तिसऱ्या संध्याकाळी दिवा लावायला गेले, तर घरभर करपल्याचा वास. मी पदर खोचला आणि सरळ ओट्याशी गेले. काका हातात डाव घेऊन उभे होते. फार सावकाश म्हणाले, “बाई, एक मागू? माझी बायको जाऊन वर्ष झालं. घरी सून मला ओट्याशी फिरकू देत नाही, मुलगी फोनवरून डबा लावून देते. सगळी माझ्या मायेपोटीच करतात. पण मला भात करायला शिकायचाय. इथे तरी तो करपू द्या.”

मी खोचलेला पदर सोडला. दिवा लावायला वळले तर ते म्हणाले, “आणि तुम्ही येता ती नेमकी माझ्या भाताची वेळ. तुमच्याकडे लक्ष जातं नि तो लागतो. दिवा मी लावला तर चालेल का? वात कशी करायची तेवढं दाखवा.”

त्या दिवशीचा दिवा लावता लावता मी वात वळून दाखवली, तेल कुठे, काडेपेटी कुठे ते सांगितलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सहा वाजल्यापासून अंगणात उभी. जीव टांगणीला लागलेला. साडेसहा झाले, सात व्हायला आले. मग खिडकीत काडी ओढलेली दिसली, विझली, दुसरी ओढली, आणि समई लागली. राहिलेले सगळे दिवस काकांनीच दिवा लावला. जाताना त्यांनी मला वाटीभर भात दिला. मोकळा, सुरेख झाला होता.

मग मी ती पद्धतच केली. दारामागे एकच नवा कागद लावला. ‘दिवेलागणीला खिडकीतला दिवा लावता आला तर लावा. जमणार नसेल तर हाक मारा, मी येईन.’ आणि स्वतःला एक नियम घातला, की घरात पाहुणे असताना न विचारता कुलूप उघडायचं नाही. बहुतेक लोक लावायचे. मुलांना तर हौसच वाटायची. काहींना नको असायचं, ते सरळ हाक मारायचे. अक्काला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. ती फोनवर विचारायची, “दिवा लागतो ना गो?” मी म्हणायची, “लागतो.” खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं.

आणि गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर दिवा चुकला. नाशिकचं कुटुंब सकाळी रायगडावर गेलेलं. संध्याकाळी परत येणार होते. सात वाजले, घर अंधारात. फोन लावला तर रेंज नाही. किल्ली माझ्या कमरेला होती. दाराशी गेले, किल्ली कुलपाला लावली आणि परत काढली. आत त्यांचं सामान पसरलेलं असेल, कपडे असतील. आपण कोण आत जाणार? शेवटी घरून निरांजन आणलं आणि खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवलं. वाऱ्याने ते दोनदा विझलं. वाट बघत मी पदर आडवा धरून उभी राहिले. आठ वाजून गेल्यावर ती माणसं आली. गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. मला तशी उभी बघून घाबरली बिचारी.

जन्मभर पोरांना सांगत आले, चूक झाली तर स्वतः येऊन सांगावी. सकाळी अक्काला फोन लावला आणि आधीपासूनचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे इतके दिस परकी माणसं माझा दिवा लावतात? आणि तू मला आता सांगतेस?” मग म्हणाली, “मी येते.” फोन बंद.

चार दिवसांनी अक्का आली, आणि व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळचा शब्द देऊनच आली. तिच्या घरात तेव्हा ठाण्याची चार मुलं उतरलेली होती. दोन मुली, दोन मुलगे, कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीतले. अक्काला आमच्याकडेच उतरवावं लागलं. “माझ्याच घरात मला जागा नाय,” एवढं बोलून ती अंगणात खुर्ची टाकून बसली, समोरच्या खिडकीकडे तोंड करून.

सूर्य डोंगराआड गेला. समोरून गाणी ऐकू येत होती, भांड्यांचा आवाज, हसणं. खिडकी काळी. वनिता माझ्या कानाशी लागली, “मी जाऊन सांगून येऊ का त्यांला?” मला तेच हवं होतं. तोंडापर्यंत हो आलं होतं. पण अक्का आमच्याकडे बघत होती, आणि सांगून लावलेल्या दिव्याने तिचं समाधान झालं नसतं. माझंही झालं नसतं. मी मान हलवून नाही म्हटलं. चहा विचारला, तर अक्का म्हणाली, “थांब.” घर जाणार, हे मी मनाशी धरून चालले.

तेवढ्यात समोर कुणाचा तरी फोन वाजायला लागला. गजर. गाणं बंद झालं आणि एक मुलगा मोठ्याने ओरडला, “ए, दिवा! दिव्याची वेळ झाली! हात धू आधी, कणकेचे आहेत!” धावपळ ऐकू आली, काडी ओढल्याचा आवाज नाही पण उजेड दिसला, आणि खिडकीत समई लागली. तिच्यामागे चार डोकी एकमेकांवरून वाकून बघत होती.

अक्काचे हात आपोआप जोडले गेले. मग ते तिने मांडीवर ठेवले. नंतर म्हणाली, “घड्याळ लावून ठेवलंय गो त्यांनी.” आणि थोड्या वेळाने, “आता टाक चहा.”

सकाळी त्या मुलांनीच तिला नाश्त्याला बोलावलं. हे घर यांचं, असं वनिताने सांगितलं असणार. मी मुद्दाम गेले नाही. तासाभराने पायवाट ओलांडून बघते तर अक्का स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी स्टुलावर बसलेली, ताटलीत बटाट्याची भाजी, आणि मुलं तिला आग्रह करून वाढत होती. त्याच वेळी व्यापाऱ्याचा फोन आला. येऊ का विचारत होता. अक्काने घास गिळला आणि म्हणाली, “नको हो, येऊ नका. घर रिकामं नाय. घरात माणसं हायत.”

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. “आणि सुमन,” ती म्हणाली, “हितं झारा नाय. पोरं पुऱ्या पळीनं काढतायत, हात भाजतील. आजच महाडला जा नि घेऊन ये. दोन आण.”